उजवीकडची खोली

दातांच्या लॅबमध्ये स्पिरिटचा दिवा दिवसभर जळत असतो. मेण वितळवायचं, सुरी तापवायची, कवळीच्या हिरड्या गुळगुळीत करायच्या, सगळ्याला तोच दिवा. त्यात हिरड्यांचा गुलाबी मसाला कालवायला घेतला की असा भपकारा उठतो की नवा माणूस नाकाला रुमाल लावून थेट बाहेर पळतो. तिने या वासात बावीस वर्षं काढली होती आणि त्यातली शेवटची नऊ या वासाच्या आडोशाला. तुझ्या तोंडाला कसला वास येतोय गं, असं तिला कधी कोणी विचारलंच नाही. विचारणार कोण? सगळ्यांच्याच कपड्यांना तो येत होता. कपाटातल्या डिस्टिल्ड वॉटरच्या चार बाटल्यांपैकी एकीत पाणी नव्हतं, एवढाच काय तो फरक.

लॅबमध्ये तिला सगळे कवळीताई म्हणत. कोणाचा जुना फोटो दाखवा, त्याचे गेलेले दात ती जसेच्या तसे मेणात बसवून द्यायची. पुढचा एखादा दात मुळात वाकडा असला तर ती तो वाकडाच लावायची. सगळे सरळ लावले की माणूस काहीतरी लपवतोय असं वाटतं, असं तिचं म्हणणं. हे ती अगदी सरळ तोंडाने म्हणायची.

पण अलीकडे कवळ्या परत यायला लागल्या होत्या. एका डॉक्टरने चिठ्ठी पाठवली, 'या बाई हसल्या की तोंड एकीकडे जातं आणि दात दुसरीकडे.' लॅबभर हशा पिकला. तीही हसली. सकाळी अकरापर्यंत तिचे हात तिचं ऐकत नसत, आणि अकरानंतर ऐकावेत म्हणून काय करावं लागतं, ते तिला आणि त्या बाटलीला ठाऊक.

आणि नवऱ्याला.

नवरा बस चालवायचा. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दिवसाला सहा फेऱ्या. ड्यूटीवर चढण्याआधी डेपोत प्रत्येकाला एका यंत्रात फुंकावं लागतं, त्याच्या पडद्यावर आकडा येतो. एकोणीस वर्षांत याचा आकडा शून्याच्या पुढे कधी सरकला नव्हता. डेपोत त्याला शून्यसाहेब म्हणत. "अहो शून्यसाहेब, तुम्ही नुसते यंत्राजवळून गेलात तरी चालेल," असं तिथला कारकून म्हणायचा, पण हा रीतसर फुंकायचा आणि आकडा बघूनच पुढे जायचा.

अशा माणसाच्या घरात बाटल्या निघाव्यात. बुटाच्या खोक्यात निघाल्या, शिलाई मशिनच्या पोटात निघाल्या. तो कधी ओरडला नाही. बाटली बेसिनमध्ये ओतायची, विसळायची आणि ओट्यावर पालथी घालून ठेवायची, चहाचा कप ठेवावा तशी. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला कितीदा तरी वाटलं. ओरडणाऱ्या माणसावर निदान उलटून ओरडता तरी येतं.

मग एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तो म्हणाला, "दोन महिने बघू."

"काय बघू?"

"तुझ्यानं होतंय का ते. मी भांडत नाहीये हं. पण मी दमलोय गं आता. नाही झालं, तर मी ताईकडे राहायला जाईन."

दुसऱ्या बुटाची नाडी बांधून तो कामावर गेला. ती दाराकडे बघत राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. पोरंबाळं नव्हती, दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, आता या घरात दोघंच. तो गेला तर ती एकटी उरणार नव्हती, ती बाटलीबरोबर उरणार होती.

औषधाच्या दुकानाच्या काचेवर एक कागद तिने पूर्वीच पाहून ठेवला होता. 'दारू सोडायची आहे? आम्हीही सोडली.' खाली फोन नंबरच्या चिंध्या कापून ठेवलेल्या, ज्याला हवी त्याने फाडून न्यावी. पहिल्या दिवशी ती गेली आणि कापूस घेऊन आली. दुसऱ्या दिवशीही कापूस. तिसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "ताई, घरात कोणाला फार लागलंय का?" तेव्हा ती "हो" म्हणाली आणि बाहेर पडता पडता एक चिंधी ओढलीच.

फोनवर एक घोगरा आवाज. "गुरुवारी सहा वाजता. दवाखान्याच्या मागे बैठी इमारत आहे. आत शिरलात की डाव्या हाताची खोली."

"काही आणायचं का?"

"स्वतःला आणा. तेवढंच जड असतं."

गुरुवारी ती मुलाखतीला जावं तसे इस्त्रीचे कपडे घालून गेली. इमारतीत अरुंद पॅसेज, समोरासमोर दोन दारं. डावीकडचं दार उघडं होतं. आत पंधरा-वीस पुरुष, नुसते पुरुष, हातात कागदी कप, कुठल्याशा विनोदावर खदखदून हसत होते. तिला उंबऱ्यात पाहिलं आणि सगळे एकदम शाळेतल्या पोरांसारखे गप्प झाले. एक झुबकेदार मिशांचा माणूस लगबगीने उठला.

"या ताई, या. घरच्यांची मीटिंग समोर, उजवीकडे. इकडे आम्ही पिणारे, तिकडे आमच्यापायी भोगणारे."

"नाही, मी..."

"संकोच करू नका. माझी बायकोसुद्धा चार वर्षं त्याच खोलीत बसायची. फार चांगली माणसं आहेत." आणि त्याने अदबीने पुढे होऊन समोरचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

तो उर्मट असता तर तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. त्याने मान दिला आणि तिथेच सगळं फिसकटलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिच्याकडे बघून, हिचं काही चुकलेलं नाही, असं समजत होतं. तो समज मोडायला तिची जीभ रेटेना. ती उजवीकडे शिरली.

उजवीकडच्या खोलीत घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या. आठ-नऊ जणी आणि कोपऱ्यात एक निवृत्त हेडमास्तर. मीटिंग चालवायच्या सिस्टर. तीस वर्षं अपघाताच्या वॉर्डात काढलेल्या. त्यांचा नवरा पिऊन पिऊन गेला होता, तरी त्यांचं येणं सुटलं नव्हतं. त्यांनी थर्मासमधून चहा ओतून दिला आणि म्हणाल्या, "इथलं इथेच राहतं. नाव सांगायचं नाही, बोलायची सक्ती नाही. फक्त एक. पिणाऱ्यावर पांघरूण घालायचं नाही. घालायची सवय लागलीय आपल्याला, तीच मोडायला येतो आपण इथे."

शेजारी बसल्या होत्या बेकरीवाल्याच्या आई. चांगल्या ऐसपैस. "नवरा की मुलगा?" त्यांनी विचारलं.

"नवरा," तिचं तोंड म्हणालं.

"माझा मुलगा. आमचं ध्यान काल परत म्हणालं, आई, आजपासून सोडली. मी म्हटलं, नक्की काय सोडलंस बाबा, बाटली की मला?" खोली हसली. त्या स्वतः सगळ्यात मोठ्याने हसल्या आणि मग पदराने डोळे पुसले.

पहिल्या गुरुवारी ती गप्प बसली. दुसऱ्या गुरुवारी बोलली. मुळात एकच वाक्य बोलायचं ठरवलं होतं, पण नळाचा वॉशर जावा तसं झालं. "ते बाटल्या लपवतात. बुटाच्या खोक्यात. सापडली की म्हणतात, ही जुनी आहे. त्यांनाही माहीत असतं की मला माहीत आहे. सकाळी त्यांचे हात इतके कापतात की कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मग आरशात बघतात आणि म्हणतात, आजचा दिवस फक्त."

सगळं खरं होतं. फक्त माणूस बदलला होता. आणि नवल म्हणजे, स्वतःची म्हणून जी गोष्ट तिला स्वतःशीही बोलता येत नव्हती, ती नवऱ्याच्या अंगावर चढवली की घडाघडा बोलता येत होती. बेकरीवाल्याच्या आईंनी तिचा हात हातात घेतला. नऊ वर्षांत या दारूपायी तिचा हात कोणी धरला नव्हता. ती रडली, आणि ते रडणंही खरंच होतं.

गुरुवारी रात्री ती प्यायची नाही. शुक्रवारी प्यायची.

नवऱ्याला तिने सांगितलं होतं, "जाते मी तिथे. गुरुवारचं." हेही खरंच. त्याने एवढंच विचारलं, "बरी आहेत का माणसं?" ती म्हणाली, "फार चांगली आहेत." त्यानंतर दर गुरुवारी तिच्या डब्याच्या पिशवीत एक सफरचंद असायचं, पुसून चकचकीत केलेलं.

तिसऱ्या गुरुवारी तिने सासूबाईंचं सांगितलं. ते जगात कोणालाच माहीत नव्हतं. दुपारची वेळ, सासूबाई मोरीत घसरून पडल्या, हाका मारत राहिल्या, आणि शेजारच्या खोलीत कोचावर पिऊन पडलेलं माणूस उठलं नाही. कंबरेचं हाड मोडलं होतं. तीन आठवड्यांनी दवाखान्यात त्या गेल्या. "ते घरीच होते हो," ती म्हणाली, "त्यांना ऐकू येत होतं." हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला.

चौथ्या गुरुवारी घोळ झाला. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, "बसच्या पहिल्या फेरीला पहाटेच जावं लागतं ना त्यांना."

सिस्टरांचा कप वाटेतच थांबला. "बसच्या? म्हणजे चालवतात?"

तिने कप उचलून तोंडाला लावला.

"अगं बाई, पन्नास-साठ माणसं असतात त्यात! मी वॉर्डात काय काय बघितलंय तुला माहीत नाही." सिस्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर येऊन बसल्या. "इथलं इथे राहतं, कबूल. पण हे नाही राहायचं. आठवडाभर विचार कर. पुढच्या गुरुवारी ठरवू. डेपोत तूच कळवायचंस, आम्ही येऊ बरोबर."

घरी जाताना ती तेच मनात घोळवत होती. डेपोत जाऊन चारचौघं सांगणार, तुमचे शून्यसाहेब पिऊन गाडी चालवतात! ते यंत्रात फुंकतील, शून्य येईल, आणि मग डेपोतले विचारतील, असं सांगितलं कोणी? मीटिंगला जाणंच बंद करावं, तर दोन महिन्यांतला एक आधीच संपलेला. शेवटी तिला मार्ग सुचला. पिणाऱ्या माणसाला सुचणारे मार्ग त्या क्षणी फार हुशारीचे वाटतात. तिने त्या आठवड्यात आपल्या मनातल्या नवऱ्याला बरं करून टाकलं. त्याने सोडली म्हणून सांगायचं. शपथ घेतली, बाटल्या फोडल्या, सगळं तिने तपशिलात रचलं. त्याने सोडली की आपल्यालाही हळूहळू सोडता येईल, असंही तिला खरोखर वाटलं.

पाचव्या गुरुवारी ती लॅबमधून निघाली आणि निघण्याआधी धीर यावा म्हणून तिने कपाट उघडलं.

सिस्टर तिची वाटच बघत होत्या. सगळ्यांचे चहा झाले. तिने घसा खाकरला, "मला सांगायचंय की त्यांनी..." आणि दार वाजलं.

दारात नवरा उभा होता. खाकी कपडे, खिशाला बिल्ला, हातात टोपी. त्या दिवशी डोळे तपासायला तो दवाखान्यात आला होता. तिथे भिंतीवर त्याने वाचलं, 'तुमच्या घरात कोणी पितं का? गुरुवारी सहा वाजता, उजवीकडची खोली.' बायको डावीकडे बसलेली असणार, मग आपण इकडे बसावं, काही शिकता आलं तर बघावं, म्हणून त्याने संध्याकाळची फेरी दुसऱ्याला दिली. तिला सांगितलं नव्हतं, पाळत ठेवतो असं तिला वाटायला नको म्हणून. हे सगळं त्याने दारातच, टोपी हातात फिरवत, सिस्टरांना सांगायला सुरुवात केली होती. तेवढ्यात त्याला ती दिसली.

"अगं, तू इकडे कशी?"

सिस्टरांनी बिल्ला बघितला, टोपी बघितली. मग तिच्याकडे वळून हळूच विचारलं, "हेच का?"

तिने होय अशी मान हलवली. आतापर्यंतची सगळी खोटी वाक्यं एकीकडे आणि ती हललेली मान एकीकडे.

"बसा," बेकरीवाल्याच्या आई म्हणाल्या. "स्वतःहून आलात, यालाही हिंमत लागते. आमचं ध्यान नाही आलं अजून."

"तुम्ही पिऊन बस चालवता हे आम्हाला कळलंय," सिस्टर म्हणाल्या. "ती कधीची झाकून नेतेय. पण आता पुरे."

तो सिस्टरांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. ती जमिनीवरच्या फरशीचा कोपरा बघत होती. गल्लीत मोठी गाडी मागे घेताना तो जसा आधी एका आरशात बघायचा, मग दुसऱ्यात, आणि मगच चाक वळवायचा, तसा वेळ त्याने घेतला. तिने डोळे वर केले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तिला ते उमजत येताना दिसलं: आधी काहीच नाही, मग सगळं.

तो खुर्चीवर बसला. टोपी मांडीवर ठेवली.

"हो," तो म्हणाला. "घेतो मी."

"किती वर्षं?"

"नऊ." त्याने बरोबर मोजली होती. "बाटल्या लपवतो. हिला त्रास देतो. हिचं काही नाही त्यात." थोडं थांबून तो म्हणाला, "पण गाडीवर घेत नाही. घरी घेतो. गाडीवर कधी नाही. तेवढं मात्र खरं धरा."

बाकी सगळं त्याने देऊन टाकलं. तेवढं एक त्याला देववेना.

हेडमास्तर मवाळपणे म्हणाले, "कबूल केलंत हे मोठं आहे हो. पण एक राहवत नाही म्हणून विचारतो. तुमच्या आई मोरीतून हाका मारत होत्या, तेव्हा तरी तुम्हाला..."

"कोण हाका मारत होतं?"

"तुमच्या आई. पडल्या तेव्हा. तुम्ही कोचावर होतात ना?"

तो तिच्याकडे वळला. "तू दुकानात गेली होतीस," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता. एखादं सामान जागेवर आहे ना, हे हात लावून बघावं, तसं ते वाक्य होतं.

तिने त्याच्या मांडीवरच्या टोपीकडे बघितलं.

मग तिने जे पाहिलं ते तिच्याने पुढे कधी विसरवलं नाही. त्याने पुन्हा हेडमास्तरांकडे तोंड केलं. हेही अंगावर घ्यायला त्याने तोंड उघडलं. "हो," तो म्हणाला, "मी..." आणि ओठ नुसते हलत राहिले. तो जीव लावून प्रयत्न करत होता, आणि त्याला ते जमत नव्हतं.

"ते नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला कोणा तिसऱ्याचा वाटला. "ते पीत नाहीत. कधीच पीत नव्हते. बाटल्या माझ्या. हात माझे कापतात. सासूबाई पडल्या तेव्हा कोचावर मी होते."

कोणाचा तरी कागदी कप खाली पडला आणि गोल गोल फिरत राहिला.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"अं?"

"आई किती वेळ हाका मारत होती?"

आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य तिच्या जिभेवर कायम तयार असायचं. पण तो इतका शांत बसला होता.

"टीव्हीवरची एक मालिका संपली आणि दुसरी अर्धी झाली. पाऊण तास. 'पोरी, पोरी' म्हणत होत्या. मी एकदा 'आले' म्हटलं. मला वाटलं मी उठले. मला खरंच वाटलं होतं मी उठले."

"तिने मला काय सांगितलं माहितीये?" तो म्हणाला. "पोरीला बोलू नकोस, म्हणाली. पोर बिचारी दुकानात गेली होती." मग त्याने टोपी उचलली. "त्या दिवशी मी ज्यादा फेरी घेतली होती. कोणी मागितली नव्हती, मीच घेतली. दोन वर्षं मी रोज आपल्या घराच्या स्टॉपवरून जाताना... जाऊ दे."

तो उठला. त्याने खुर्चीची घडी घातली आणि ती कुठे ठेवायची ते न कळून तशीच हातात धरून उभा राहिला. सिस्टरांनी ती घेतली.

"तुमची मीटिंग मोडली," तो सगळ्यांना म्हणाला. "माफ करा." मग तिच्याकडे न बघता, "घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतो."

"अहो," ती म्हणाली.

"ताईला कळवलंय मी. मागेच सांगून ठेवलं होतं, लागलं तर येईन म्हणून. मला वाटलं होतं, लागणार नाही." त्याने टोपी डोक्यावर घातली आणि दार हळूच ओढून घेतलं.

ती उठून मागे धावणार होती. सिस्टरांनी खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं.

"सिस्टर, मी तुम्हाला फसवलं."

"ते नंतर बघू. मला आधी सांग, आज घेतलीस?"

बेकरीवाल्याच्या आई मध्ये पडल्या, "अहो, आत्ता कशाला तिला..."

"आत्ताच," सिस्टर म्हणाल्या. "आज हिला जाऊ दिलं तर ही परत यायची नाही. मी माझ्या माणसाला 'उद्या जाऊ' म्हटलं होतं."

त्यांनी तिला दंडाला धरून पॅसेज ओलांडला आणि समोरचं दार ठोठावलं. आतल्या पुरुषांनी सिस्टरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सिस्टर म्हणाल्या, "तुमची आहे. पाच आठवडे माझ्याकडे होती, माझ्याही लक्षात आलं नाही." मिशीवाल्याचा चेहरा उतरला. कोणी हसलं नाही. त्याने आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

ही खोली रस्त्याच्या बाजूला होती. खिडकीतून बसचा थांबा दिसत होता आणि थांब्यावर खाकी कपड्यातला एक माणूस. एक बस आली, थांबली, गेली. तो तिथेच उभा. त्याच्या बहिणीकडे जाणारी तीच बस होती.

"सांगा ताई, जमेल तसं," तोच फोनवरचा घोगरा आवाज म्हणाला.

"मी कवळ्या करते," ती म्हणाली. "आणि मी पिते."

"शेवटची कधी घेतलीत?"

"आज. साडेपाच वाजता. इथे यायला धीर हवा म्हणून."

बाहेर दुसरी बस येत असल्याचा आवाज आला. ब्रेकचा, मग दारं उघडल्याचा. तिने मान वळवली असती तर तो चढतोय की नाही ते तिला दिसलं असतं. पण मान वळवली की बोलणं थांबणार होतं, आणि थांबलं की ते पुन्हा सुरू होणार नव्हतं, एवढं तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं.

"माझ्या सासूबाई मोरीत पडल्या होत्या," ती समोर बघत म्हणाली. बसची दारं मिटली, गाडीने पहिला गिअर घेतला. ती बोलत राहिली.